उसापलीकडचं गाव

आमच्या भागात नवं माणूस भेटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. कुठल्या गावची, आणि कुणाची. यवतच्या स्टँडवर शेजारी टेकलेली बाई हे विचारते, कुरकुंभला कंपनीच्या गेटवर नवा लागलेला सिक्युरिटीवालाही विचारतो. उत्तर दिलं की त्यांचं समाधान होतं. राहूची. अमक्याची पुतणी. आईवडील लहानपणीच गेले, चुलत्यानं वाढवलं. लग्न केलं नाही. औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे, दौंडला फ्लॅट घेऊन एकटी राहते. एवढं कळलं की माझ्याबद्दल आणखी जाणून घेण्यासारखं काही उरत नाही.

म्हणूनच बँकॉकमधला तो पहिला मोकळा दिवस मला अजून आठवतो. कंपनीने एका नव्या मशीनच्या ट्रेनिंगला आम्हा दोघींना पाठवायचं ठरवलं होतं. दुसरीचा पासपोर्ट वेळेत आला नाही, म्हणून मी एकटीच गेले. ट्रेनिंग संपलं आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस हाताशी उरला. मी नदीतल्या बोटीत जाऊन बसले. शेजारची बाई माझ्याकडे बघून थोडं हसली आणि तिने मान वळवली. पुढे काही नाही. कुठली, कुणाची, काहीच नाही. मला इतकं हलकं वाटलं की पुढच्या धक्क्यावर विनाकारण उतरले आणि चालत एका फुलांच्या बाजारात शिरले.

तिथे झेंडूचे ढीग होते. आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलते, झेंडू आणि शेवंती करतात. लहानपणापासून माझ्या हातांना झेंडूचा वास आहे. मी डोळे मिटले तर राहूच्या रानात उभी होते. उघडले तर मला ओळखणारं एकही माणूस आसपास नव्हतं. या दोन्हींच्या मध्ये एक क्षण असा गेला की मी कुठे आहे हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अंगावर काटा आला. तो मला आवडला, हेही सांगितलं पाहिजे.

तेव्हापासून दरवर्षी मी एकटी जाते. सुट्ट्या साठवते आणि एखाद्या शहरात जाऊन नुसती चालते. पिनांगला गेले, तैपेईला गेले, हनोईला दोनदा गेले. फोटो फारसे काढत नाही. गावी कुणी विचारलं की काय बघितलंस, तर मला नीट सांगता येत नाही. मी बघायला जातच नाही. आपल्याला कुणीही ओळखत नाही अशा रस्त्यावरून चालताना आपण उरतो किती, हे मला बघायचं असतं. कधी कधी दुकानाच्या काचेत एक बाई माझ्या बरोबरीने चाललेली दिसते आणि ती मीच आहे हे कळायला जरासा वेळ लागतो.

आप्पांना हे कधी आवडलं नाही. ते रागावत नसत, फक्त म्हणत, "पोरी, आपलं रान सोडून एवढं लांब कशाला जायाचं? हितं काय कमी हाय?" त्यांना रानाची खडा न खडा माहिती. गावच्या सोसायटीत ते वर्षानुवर्षं होते, सरपंचही त्यांना विचारून पाऊल टाकायचे. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की आप्पा हसून उठून जायचे.

त्याच आप्पांना चकवा लागला.

चकवा म्हणजे वाट चुकवणारं काहीतरी. ते दिसत नाही, बोलत नाही. ओळखीच्याच रानात माणूस फिरत राहतो आणि पुन्हा पुन्हा एकाच बांधावर येतो. जुनी माणसं सांगतात, अशा वेळी धावू नये, खाली बसावं, पायातली चप्पल डावी उजव्यात आणि उजवी डाव्यात घालावी आणि मग चालावं. आम्ही लहान होतो तेव्हा याची टिंगल करायचो, आणि आप्पा आमच्या बाजूने असायचे.

दसरा होऊन गेला होता. ऊन कडक होतं. मी त्या दिवशी राहूतच होते, पण सकाळी काही कामासाठी यवतला गेले होते. परत आले तर अंगणात माणसं जमलेली. आप्पा जेवून विहिरीवरची मोटार बघायला म्हणून उसाच्या पलीकडे गेले होते आणि परतले नव्हते. विहीर जवळच, वाट एकच, तीही त्यांनी जन्मभर तुडवलेली. त्या महिन्यात आमच्याकडे बिबट्या फिरत होता, शेजारच्या वस्तीवरची शेळी गेली होती. त्यामुळे कुणी तोंडाने बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. माणसं काठ्या घेऊन, ताटं बडवत उसात शिरली.

मी आप्पांचा फोन लावला. तो उसात वाजला. आम्ही सगळ्यांनी ऐकला. भजनाची ती रिंगटोन सगळ्या गावाला पाठ होती. माणसं आवाजाच्या दिशेने गेली तर तिथे काही नव्हतं. मी पुन्हा लावला. आता तो वाजला विहिरीच्या अंगाला. तिकडे गेलो तर पाठीमागे, आम्ही नुकतेच जिथून आलो तिथे. कोणीतरी म्हणालं, "नका लावू ताई, बास करा." मी फोन खिशात ठेवला. ऊस सळसळत होता, आणि माझ्या लक्षात आलं की वारा अजिबात नव्हता.

सूर्य कलायला लागला तेव्हा आप्पा आले. उसातून नाही. समोरच्या डांबरी रस्त्याने आले, पाहुणे येतात तसे. गाल, हात पातीने कापलेले, टोपी गेलेली. अंगणाच्या कडेला, जिथे बाहेरची माणसं चपला काढतात, तिथे त्यांनी चपला काढल्या आणि ते उभे राहिले. आत आले नाहीत. सगळ्यांकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "वाईच पानी मिळंल का?"

माणसं सुटल्यासारखी हसली. कुणी म्हणालं, "आप्पा, घर तुमचंच हाय की!" काकी तांब्या घेऊन बाहेर येत होती. तिच्या हातून तो सुटला आणि पायरीवरून गडगडत अंगणात आला. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दिवसभराचा ताण होता.

यवतच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऊन लागलंय, डोक्यात चढलंय. सलाईन लावलं. दोन दिवसांत आप्पा हिंडूफिरू लागले. पण उसात ते पुन्हा एकटे गेले नाहीत. सोबत गडी असायचा आणि तरीही ते बांधावरूनच बघायचे. संध्याकाळी अंगणात रस्त्याकडे तोंड करून बसायचे. आणि एक गोष्ट बदलली, ती आधी मजेची वाटली. जन्मभर काकीला "अगं" म्हणणारे आप्पा आता तिला "तुम्ही" म्हणू लागले. "तुम्ही जेवला का?" "तुमच्या हातचं कालवण चांगलं हाय." पाहुण्याने यजमानिणीशी बोलावं तसं. भावकीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. काकी हसायची नाही.

त्या दुपारी काय झालं हे आप्पांनी कुणालाच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "चुकलो वाट. आन् काय!"

पुढच्या वर्षी मी फिलिपिन्समधल्या इलोइलोला गेले. मनिलाहून दुसऱ्या विमानाने जावं लागतं. एका गल्लीत जुन्या घराचं लॉज केलं होतं, तिथे उतरले. हिरवं लोखंडी गेट, गेटजवळ कुंड्यांची रांग, वर माझ्या खोलीच्या खिडकीबाहेर आंब्याचं झाड. लॉज चालवणारी बाई चष्मा लावणारी, जाडसर, बोलघेवडी होती. मला दुधाचा चहा लागतो हे कळल्यावर तिने मुद्दाम दूध आणून ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी मला तिच्याशी बोलायला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकातलं मोठं चर्च बघायला गेले. त्याचा घंटेचा मनोरा चर्चला लागून नाही, रस्त्यापलीकडे एकटाच उभा आहे. तिथे बाकावर बसून तळलेली केळी खाल्ली आणि ऊन चढल्यावर परत निघाले. लॉज जवळच होतं. येताना मी दोन वळणं घेऊन आले होते.

पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि समोर बोगनवेल चढलेली एक भिंत आली. येताना ती पाहिल्याचं आठवत नव्हतं. भिंतीखाली एक पिवळी तीनचाकी उभी होती, एक चाक काढून ठेवलेलं. सावलीत पांढरा कुत्रा झोपला होता. मी मागे फिरले, दुसऱ्या गल्लीने गेले. पुन्हा भिंत, तीनचाकी, कुत्रा. कुत्र्याने डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिटला. फोनवर नकाशा लावला तर मी नदीच्या मधोमध आहे असं तो दाखवत होता.

दुपारची वेळ, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुठल्या तरी घरात रेडिओवर एक माणूस बोलत होता. मी जिथे जाईन तिथे त्याचा आवाज तेवढाच लांब वाटत होता, जवळही येत नव्हता आणि मागेही पडत नव्हता. मी घाबरले नव्हते. हे ऊन आहे, भूक आहे, असं स्वतःला समजावत होते. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला कारणं चटकन सापडतात.

मग हिरवं गेट दिसलं. कुंड्या, घंटी, पायऱ्या. मला हायसं वाटलं. आत गेले. काउंटरवर तीच चष्म्याची बाई होती. मी हसले. तिनेही हसून विचारलं, "गुड आफ्टरनून मॅम. बुकिंग आहे?"

मला वाटलं थट्टा करतेय. म्हटलं, "मी इथेच राहते ना. वरची खोली, आंब्याजवळची."

तिने कॉम्प्युटरवर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेने, आणि विचारलं, "या शहरात पहिल्यांदाच आलात का, मॅम?"

मी किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली. तिने ती उचलली, उलटसुलट केली आणि परत माझ्याकडे सरकवली. "ही आमची नाही." मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर आंबा नव्हता. नारळ होता. ती म्हणाली, "ऊन फार आहे. पाणी घेता?" तिने ग्लास भरून दिला. मी उभ्याउभ्याच प्यायले, थँक्यू म्हटलं आणि बाहेर आले.

कोपऱ्यावर जाळी लावलेलं एक लहान दुकान होतं, साबण-बिस्किटांचं. मघाशी ते बंद होतं की मी पाहिलंच नव्हतं, कोण जाणे. जाळीमागून एक म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "मगापासून फिरतेस. घर सापडत नाही?"

मी मान हलवली. कुठल्या रस्त्यावरचं लॉज ते सांगितलं. तिने रस्ता सांगितला नाही. दार उघडून मला आत घेतलं, पोत्यांच्या मागे एक पडदा होता तो दाखवला आणि म्हणाली, "अंगातलं काढ आणि उलटं घाल. शिवण बाहेर."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "का?"

"ते न दिसणारे लोक तुला फिरवतायत. इथे दुपारचे फिरवतात. कपडे उलटे असले की तू त्यांना ओळखू येत नाहीस." आपण पंखा लावला की हवा येते, अशा सुरात तिने हे सांगितलं. "आणि वाट द्या म्हण. तुझ्या भाषेत म्हण. त्यांना कळतं."

मी पडद्यामागे कुर्ता उलटा घातला. तिच्या नकळत सँडलही डावी उजव्यात आणि उजवी डाव्यात घातली, आपल्याकडचं आपण करून घ्यावं म्हणून. मग रस्त्यावर येऊन हळूच म्हटलं, "जाऊ द्या मला." तो मराठी आवाज त्या रिकाम्या गल्लीत इतका परका वाटला की मी आजूबाजूला पाहिलं, दुसरंच कुणी बोललं की काय.

रेडिओ बंद झाला होता. सरळ चालत गेले. भिंत आली नाही. पुढच्याच वळणावर हिरवं गेट होतं आणि त्यामागे आंबा. चष्म्याची बाई दारातच उभी होती. "इतका उशीर! चहा टाकू का?"

मी विचारलं, "जवळपास तुमच्यासारखंच आणखी एक लॉज आहे का? तुमची बहीण वगैरे चालवते?"

"नाही. का?" असं म्हणता म्हणता तिची नजर माझ्या कुर्त्याच्या शिवणींवर गेली. तिचं हसू थांबलं. तिने चहा आणून दिला, आणि मी पिऊन होईपर्यंत जवळच्या खुर्चीवर बसून राहिली.

गावी परतल्यावर मी हे कुणालाही सांगणार नव्हते. पण रविवारी राहूला गेले, आप्पा अंगणात एकटे बसले होते, आणि मी सांगून टाकलं. म्हटलं, "आप्पा, मलाही लागला तिकडे चकवा." आधी गंमत म्हणूनच सांगत होते. आप्पा हसले नाहीत. मी सांगत सांगत हिरव्या गेटपर्यंत आले तेव्हा ते माझ्याकडे वळून बसले.

"त्या बाईनं तुला पानी दिलं?"

"दिलं."

"तू प्यालीस?"

"प्यायले."

"चव कशी व्हती?"

असं कुणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. मी आठवून पाहिलं. "पाण्यासारखीच होती. थंड."

ते जरा पुढे सरकले. मग आवाज खाली आणून बोलू लागले.

"मी त्या दिशी उसातनं भाईर पडलो व्हतो, पोरी. तुम्ही माझा फोन ऐकत व्हता, तवा मी उसात न्हवतोच. मी भाईर पडलो आन् समूर गाव. आपलंच. ह्योच रस्ता, ह्येच घर. मी म्हनलं, सुटलो. रस्त्यानं माणसं जात व्हती, आपलीच, रोजची. मी हाक मारली. ती थांबली, बगितलं, आन् गेली. वळख न्हाई. मी म्हनलं, असंल घाईत. मंग हितं आलो. तुझी काकी हितंच बसली व्हती, फुलं निवडत. मी म्हनलं, पानी दे गं. तिनं डोक्यावर पदर घेतला. माझ्यासमूर! आन् म्हनाली, ‘कुठलं पाव्हणं तुम्ही?’"

आप्पांचे ओठ कोरडे पडले होते.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! पानी दिलं तिनं. प्यालो. त्याला चव न्हवती. काय सांगावं, पानी व्हतं पन ते पोटात गेल्यागत वाटलं न्हाई. मी म्हनलं, ह्ये आपलं गाव न्हवं. ह्ये दुसरंच कुनाचं तरी हाय. म्हनून पुन्हा उसात शिरलो. लई फिरलो. मंग रस्ता घावला आन् त्या रस्त्यानं आलो. हितं आलो तर तुम्ही समदी आप्पा आप्पा करायला लागला."

"म्हणजे आलात ना परत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "त्येच तर कळत न्हाई. ह्ये माझंच गाव हाय, का तिसरंच? हितल्या माणसांनी मला वळखलं म्हनून ह्ये माझं, एवढंच. तुझी काकी लई चांगली हाय. समदं करती. पन तीच हाय का, कसं सांगू?" आणि मग, अगदी सहज, "तू तरी जिथनं गेलीस तिथंच परत आलीस का गं?"

मी म्हटलं, "हो आप्पा." माझा आवाज मला पटण्यासारखा निघाला नाही.

त्या रात्री मी राहूलाच राहिले. सकाळी काकी फुलांच्या क्रेट भरत होती, मी तिच्याशेजारी बसले. माझ्या मनात होतं की तिला काही सांगू नये. पण बोलायला तिनेच सुरुवात केली.

"काल तुला बोलले ना ते? मी आतनं ऐकलं."

मी हो म्हटलं.

काकीचं माहेर भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात. फार बोलणारी बाई नाही. झेंडूची फुलं निवडत, वर न बघता ती म्हणाली, "त्या दिशी दुपारी, माणसं जमायच्या आदी, एक पाव्हणा आला व्हता. मी हितंच बसले व्हते. ऊन त्याच्या पाठीमागं व्हतं, त्यामुळं तोंड काळं दिसत व्हतं. त्यानं पानी मागितलं. मी पदर घेतला आन् इचारलं, कुठलं पाव्हणं तुम्ही. तो काय बोलला न्हाई. पानी पिला, तांब्या ठिवला आन् उसाकडं गेला. मी म्हनलं, असंल कुनी ऊसतोडीवाला."

मी तिच्याकडे पाहिलं.

"इसरूनबी गेले मी. मंग सांजच्याला ह्ये आले, आन् तिथंच उभं राहून तसंच पानी मागितलं. तवा माझ्या हातातनं तांब्या पडला."

"काकी, तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"शिरूरला भावाकडं गेले तवा त्याला तेवढं सांगितलं. तो म्हनला, गप बस, परत बोलू नगं." तिने दुसरी क्रेट जवळ ओढली. "ह्यांना कसं सांगू? सांगितलं तर ते एकच इचारतील. मंग मला का न्हाई वळखलंस? तीस-पस्तीस वर्सं ज्याच्या ताटात जेवले, त्याला मी पाव्हणं म्हनले. मी काय उत्तर देऊ?"

तिने पदराने डोळे पुसले नाहीत, कारण डोळे कोरडेच होते. ती फुलं निवडत राहिली. चांगली एकीकडे, डागी दुसरीकडे.

त्या दिवशी दौंडला परतताना मी बसमध्ये सगळं जुळवत बसले. ऊन लागलेला माणूस, टोपी नाही, तोंडावर धूळ आणि रक्त, पाठीमागे सूर्य. तो स्वतःच्याच घरी येतो. बायकोला तो ओळखू येत नाही. त्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्यामुळे त्याला वाटतं की गावच दुसरं आहे. तो पुन्हा उसात शिरतो. सगळं नीट बसत होतं. कुठेही भूत लागत नव्हतं. पण हे जेवढं नीट बसत होतं तेवढं मला थंड पडल्यासारखं होत होतं. भुताने चकवलं असेल तर कपडे उलटे घालता येतात. घरच्या माणसानेच ओळखलं नाही तर काय उलटं घालायचं?

काकीने आप्पांना सांगितलं नाही. मीही नाही. आम्ही दोघींनी तसं ठरवलं नाही, पण ते तसं राहिलं. काकीने मात्र एक सुरू केलं. आप्पा बाहेरून आले की त्यांनी काही मागायच्या आत ती अंगणाच्या कडेपर्यंत जाते आणि मोठ्याने म्हणते, "आलात व्हय? या, घरात या." शेजारणी म्हणतात, म्हातारपणी नवीन प्रेम सुचलंय. आप्पा तिच्या तोंडाकडे बघतात, मग पायऱ्या चढतात.

मी फिरणं सोडलं नाही. खरं तर काही दिवस सोडायचं मनात होतं. मग वाटलं, इथेही मी रोज दौंडच्या फ्लॅटचं कुलूप उघडते तेव्हा आत सगळं जिथल्या तिथे आहे हे आधी बघून घेते. तसं बघायचंच असेल तर कुठेही बघावं.

या हिवाळ्यात पुन्हा हनोईला गेले. सकाळी जुन्या बाजाराच्या रस्त्यावर कॉफी घेऊन लहानशा स्टुलावर बसले होते, तेव्हा राहूहून व्हिडिओ कॉल आला. काकीने लावून दिलेला, समोर आप्पा. ते कधी मला परदेशात फोन करत नाहीत. म्हणाले, "दाव की जरा, कसं हाय तिकडं ते."

मी फोन फिरवून रस्ता दाखवला. मोटारसायकली, फुलांच्या सायकली, पेरू विकणाऱ्या बाया, टोप्या घातलेले म्हातारे. आप्पांचा श्वास ऐकू येत होता. ते एवढ्या लक्षपूर्वक बघत होते की मला हात हलवू नये असं वाटलं.

"थांब," ते एकदम म्हणाले. "मागं घे. त्या झाडाखाली."

मी फोन मागे नेला. फुटपाथवरच्या झाडाखाली मघाशी टोपी नसलेला एक म्हातारा उभा होता, आता नव्हता.

"कोण होतं आप्पा?"

"कोन न्हाई." ते जरा वेळ पडद्याकडे बघत राहिले. "वळखीचा वाटला."

मग त्यांनी फोन काकीकडे दिला, आणि मागे त्यांचा आवाज आला की टेम्पो आलाय, क्रेट मोजून घ्या. काकी मला विचारू लागली, जेवलीस का, थंडी किती आहे. मी उत्तरं देत होते आणि त्या झाडाखाली बघत होते. तिथे कुणी आलं नाही. कॉफी गार झाली होती. मी ती पिऊन टाकली, उठले आणि झाड ज्या अंगाला होतं त्याच अंगाला चालायला लागले.